आखाजीचं शीड

पिंपरवाडे, ता. शहादे, जि. धुळे
९ फेब्रुवारी १९६४

रतिलालभाऊ यांस भाईदासचा नमस्कार.

सारंगखेड्याच्या यात्रेतून तू दुपारी निघालास आणि संध्याकाळी इकडे रामायण घडलं. पत्र लिहायला इतके दिवस लागले, कारण माझं मलाच कळत नव्हतं की मी शहाणपणा केला की गाढवपणा. अजूनही कळलेलं नाही. तू मावसभाऊ, मोठा, सुरतेला राहणारा. तूच सांग.

सुगंधाला कळमघाटला देऊन तीन आखाज्या झाल्या. अक्षय्य तृतीयेच्या या सणाला गावोगावच्या लेकी माहेरी येतात, पण माझी बहीण एकाही आखाजीला आली नाही, हे तुला ठाऊक आहे. तिचे सासरे रेवजीबाबा पाठवतच नाहीत. पहिल्या वर्षी ऊस गाळायचा होता, दुसऱ्या वर्षी सासूचा गुडघा धरला, तिसऱ्या वर्षी घोडी व्याली. मी दर साल मुऱ्हाळी होऊन गाडी जुंपतो, मायने घेतलेलं नवं लुगडं घेऊन बहिणीला आणायला जातो आणि रिकामी गाडी हाकत परत येतो. लुगडंही परत येतं. माय म्हणते, ते माहेरी येऊनच नेसायचं असतं. पेटीत तीन घड्या तशाच पडल्या आहेत. दारच्या लिंबाला माय झोका बांधते आणि गावच्या पोरी त्यावर बसायला आल्या की तिचं तोंड बघवत नाही.

तर यात्रेत रेवजीबाबा एक घोडी घेत होते. व्यापाऱ्याचा आणि त्यांचा हात रुमालाखाली, बोटांनी भाव चाललेला. मी तिथेच जाऊन म्हटलं, "बाबा, या आखाजीला सुगंधाला धाडा." चूक माझी. सौदा चालू असताना माणसाला जेवायलासुद्धा बोलावू नये. बाबा भडकले आणि सगळ्या बाजारासमोर ओरडले, "काठी नही, वल्हं नही, बैल नही. तुन्ही होडी आपोआप वर चढीसन मन्हा घाटले लागी ना, तव्हय मन्ही वहूले धाडसू!"

लोक हसले. मला काय झालं कोण जाणे, मी हात पुढे केला. आणि बाबांचा हात सौद्यात गरम झालेला, त्यांनी सवयीने माझ्या हातावर फाडकन टाळी दिली! दलाल नाचायला लागला, "टाळी पडनी! सौदा पक्का!" यात्रेत एकदा टाळी पडली की घोडं आंधळं निघालं तरी परत होत नाही. बाबांचा चेहरा उतरला, माझाही.

पण भाऊ, रात्री मला तुझी गोष्ट आठवली. जिलबी खाताना तू म्हणाला होतास की सुरतेला तू शिडाच्या होड्या चालवतोस, वल्हं लागतच नाही. आपल्याकडे होळीपासून पावसापर्यंत वारा पश्चिमेचा. वावडीवर उभं राहून धान्य उपणलं की भुसा कुठे उडतो? कळमघाटकडे! तीन कोस वर, थेट बहिणीच्या दारात. आपल्या तापीवर शीड कोणी पाहिलेलं नाही, म्हणून काय वारा नाही?

लवकर कळव. शीड केवढं घेऊ, कापड कोणतं, आकार कोणता, बांधू कसं? माझी ती चपटी होडी तू पाहिली आहेस, टरबुजाच्या वाडीवर जायची. आखाजी १४ मे ला आहे.

तुझा,
भाईदास

*

सुरत
१८ फेब्रुवारी १९६४

चि. भाईदास यास रतिलालचा आशीर्वाद.

शाब्बास! आपल्या घराण्यात एक तरी मर्द निघाला. पत्र वाचून मी जरीच्या कारखान्यात हिशेब लिहिता लिहिता दोन वेळा चुकलो.

आता नीट ऐक. शीड म्हणजे काही खिडकीचा पडदा नव्हे. इथल्या होड्यांची तिकोनी शिडं असतात, ती नवशिक्याच्या बापाला आवरायची नाहीत. तुला वारा पाठीशी घेऊन सरळ वर जायचं आहे, म्हणून तू चौकोनी घे. वरच्या काठाला एक आडवा बांबू, तो डोलकाठीवर ओढून चढवायचा. खालच्या दोन कोपऱ्यांना दोन दोऱ्या, त्या तुझ्याकडे. झालं. डोलकाठी मधोमध नको, जरा पुढे रोव, आणि मांडवाच्या खांबाला देतो तसे तिला ताणे दे.

आणि मुख्य गोष्ट, शीड लहान घे. दोन माणसं पांघरून झोपतील एवढंच. कापड मांजरपाट. मलमल फाटते. ताडपत्री तर मुळीच नको, भिजली की म्हशीएवढी जड होते. काठाच्या दुमडीत दोरी घालून शिवून घे. मागे सुकाणूसाठी एक फळी लाव. फळी म्हणजे वल्हं नव्हे, हे रेवजीबाबांना आधीच सांगून टाक, नाहीतर ऐन वेळी वाद घालतील.

काही अडलं तर मी आहेच. आपलं आयुष्य पाण्यावर गेलं आहे.

रतिलाल

ता. क. भाईदासभाऊ, मी रमिला. हे पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून दोन ओळी लिहिते. यांचं आयुष्य पाण्यावर गेलं म्हणजे पुलावर उभं राहून होड्या बघण्यात गेलं. होडीत बसलेलं मी यांना एकदाच पाहिलं, हजीऱ्याला लग्नाला जाताना. मधल्या पाण्यात यांनी सकाळचा सगळा नाश्ता परत केला. पण बघून बघून गोळा केलेली माहिती खरी असावी, मी शेजारणीच्या खलाशी नवऱ्याला विचारून खात्री केली. मला एकच विचारायचं आहे. जाताना वारा पाठीशी. येताना काय करणार?

*

पिंपरवाडे
८ मार्च १९६४

रतिलालभाऊ, रमिलाभाभी, दोघांना नमस्कार.

भाभींचा ता. क. वाचून मी आणि माय पोट धरून हसलो. भाऊ, रागावू नकोस. तुला पोहता येत नाही हे आम्हाला आधीपासून माहीत आहे.

इकडे काम जोरात आहे! धडगावकडचा वीरसिंग दर साल आपल्याकडे कापणीला येतो. त्याला नुसतं सांगितलं की असा असा बांबू हवा, तर तो डोंगरातून एक उभा आणि एक आडवा असे दोन बांबू खांद्यावर घेऊन उतरला आणि पाण्यात उभा राहून ठोकायलाही लागला. डोलकाठी उभी राहिली त्या दिवशी मी घाटावर नारळ फोडला.

शिडाचं मात्र मी तुझं ऐकलेलं नाही. तू म्हणतोस लहान घे. अरे, नदीला वर चढायचं आहे! लहान शिडाने काय होणार, पंख्याचा वारा? जिनात कापसाच्या ढिगावर टाकतात ती ताडपत्री स्वस्तात मिळाली. लग्नाच्या मांडवाएवढी आहे. म्हैस तर म्हैस! काठावर पसरून मी तिला दोऱ्या शिवत बसलो, तर माय येऊन म्हणते, "आरे, नदीवर मांडव टाकी ऱ्हायना का रे?"

एक गोष्ट मात्र डोक्यात जाते. रेवजीबाबा रोज संध्याकाळी नव्या घोडीवर बसून पलीकडच्या काठाने आपल्या गावासमोर येतात. घोडीला पाणी पाजतात, डोळ्यांवर हात धरून माझी होडी बघतात, मिशीला पीळ देतात आणि वळतात. स्वतःच्या दारात नदी असताना कोणी तीन कोसांवर घोडी पाण्याला आणतो का? मला खिजवायला येतात, दुसरं काय! येऊ देत. आखाजीला त्यांच्या घाटावर मीच त्यांना बघून मिशी पिळीन. मला अजून नीट फुटलेली नाही, पण मे महिन्यापर्यंत फुटेल.

भाभी, येतानाची काळजी नको. नदी खाली वाहतेच की! वाहत येऊ.

तुमचा,
भाईदास

*

सुरत
१७ मार्च १९६४

भाईदास,

मूर्खा! आशीर्वाद नंतर देतो, आधी शिव्या घे.

ताडपत्री! तीही मांडवाएवढी! रमिलाने पत्र मोठ्याने वाचलं आणि शेजारणीचा नवरा चहाचा कप खाली ठेवून "अरे राम" म्हणाला.

तुझ्या वहिनीने माझी अब्रू काढल्यावर मला स्वस्थ बसवेना. परवा रविवारी मी मगदल्ल्याला गेलो आणि पैसे देऊन एका होडीत बसलो. बसलो म्हणजे काय, शिडाची दोरी स्वतः हातात धरली. पोटात जे होतं ते सगळं तापीमाईला वाहिलं, ते सोड. पण भाईदास, काय सांगू तुला! वारा शिडात भरला की दोरी अशी ओढ घेते, जसं कोवळं वासरू गाईकडे धाव घेतं. आणि होडी चालते, अगदी गुपचूप. कोणी ढकलत नाही, कोणी वल्हवत नाही, नुसतं पाणी कडेने बोलत जातं. मी पस्तीस वर्षांचा बाप्या, मला रडू आलं. उलटीमुळे डोळ्यांत पाणी आलं असं मी होडीवाल्याला सांगितलं.

आता ऐक, हे पुलावरचं शहाणपण नाही, तळहाताला फोड आणून शिकलेलं आहे. मोठं शीड ताकद देतं, पण ती ताकद तुझी नसते, वाऱ्याची असते. झुळूक आली तर बरं आणि झोत आला तर तुला घेऊन जातं. नवशिक्याने आधी लहान शिडावर वाऱ्याची खोड ओळखावी. घोडा शिकायला कोणी यात्रेतली अवखळ घोडी घेतं का?

ताडपत्री जिनाला परत कर. मला लिहून पाठव की परत केली.

रतिलाल

ता. क. भाऊ, हे खरंच होडीत बसले. घरी आले तेव्हा चेहरा हिरवा होता, पण तेव्हापासून झोपेतही दोरी ओढतात. "वाहत येऊ" हे उत्तर मला पटलेलं नाही. वैशाखात तुमची तापी वाहते की झोपते? — रमिला

*

पिंपरवाडे
२ एप्रिल १९६४

रतिलालभाऊ,

ताडपत्री परत केली नाही. ती आता डोहाच्या तळाशी आहे.

सगळं सांगतो. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी वारा सुटला. मी होडी डोहात नेली आणि ताडपत्री चढवली. भाऊ, होडी चालली! खरंच चालली, आपोआप! काठावर बाया धुणं टाकून उभ्या राहिल्या. मी आनंदाने ओरडत सुटलो. उंबराचं झाड मागे गेलं, वाड्या मागे गेल्या. आणि मग वावधन आलं.

आता माझी चूक ऐक. कापसाची गाडी बांधण्यात माझा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही. दोर असा आवळतो की नंदुरबारपर्यंत एक बोंड हलत नाही. शिडाचे खालचे दोन्ही कोपरे मी तसेच आवळले होते, होडीच्या कडांना, दुहेरी गाठ, वर पाणी मारून. आपल्याला तेच शिकवलं आहे ना, सैल दोर म्हणजे आळशी माणूस! वावधन ताडपत्रीत भरलं, होडी आडवी झाली, आणि मी त्या गाठी सोडवत बसलो. भिजलेली गाठ सुटते का? नखं तुटली. मग होडी उलटली आणि ती म्हैस माझ्या अंगावर पडली. खाली अंधार, हात मारीन तिकडे ताडपत्री. कसा बाहेर आलो तापीमाईला ठाऊक.

डोकं वर काढलं तर समोर रेवजीबाबा. घोडी पोटापर्यंत पाण्यात घातलेली. मी उथळात उभा राहिलो, तसे ते घोडी वळवून निघून गेले. हसलेसुद्धा नाहीत. तेवढीही किंमत नाही माझी.

घरी आलो तर माय लिंबाचा झोका सोडत होती. ती या वर्षी होळीलाच बांधून मोकळी झाली होती, इतकी तिला खात्री होती. मला बघितलं, दोराची गुंडाळी केली आणि म्हणाली, "जाऊ दे भो. पोर तठे सुखमा शे, इतलं बस." दोर माळ्यावर टाकला. मला रागावली असती तर बरं झालं असतं.

होडी शाबूत आहे, बांबूही आहेत. मी आहे की नाही ते कळत नाही. आता तू म्हणशील ते करतो. लहान तर लहान.

भाईदास

*

सुरत
११ एप्रिल १९६४

चि. भाईदास,

जिवंत आहेस, पुष्कळ झालं. तुझ्या वहिनीने देवापुढे साखर ठेवली.

तू बुडालास ते शिडामुळे नाही, गाठीमुळे. तूच सांग, गाडीला दोन प्रकारचे दोर असतात ना? एक माल बांधायचा, तो आवळायचा. दुसरा बैलाचा कासरा. कासरा कोणी गाडीला बांधून ठेवतो का? तो हातात असतो. बैल उधळला की सैल सोडायचा, चुकला की ओढायचा. शिडाची दोरी म्हणजे कासरा! एक कोपरा बांधला तर चालेल, पण दुसऱ्याची दोरी कडेला एक वेढा देऊन हातात धर. वावधन आलं की सोडून दे. शीड फडफडेल, शिव्या देईल, देऊ दे. होडी उभी राहील. मग हळूच परत ओढ. बास, एवढंच सगळं आहे.

शिडाची चिंता करू नकोस. रेल्वे पार्सलने एक गाठोडं नंदुरबार स्टेशनवर येतंय, सोडवून घे. मांजरपाट आहे, काठाला दोरी घातलेली. तुझ्या वहिनीने शिवलं. मी नुसता सुईत दोरा ओवून देत होतो आणि मधूनमधून सल्ला.

सोडून नको देऊस. मावशीला सांग, रतिलाल म्हणतो, दोर माळ्यावरून काढून ठेव.

रतिलाल

ता. क. भाईदासभाऊ, शीड लहानच आहे, पण खालच्या काठाला मी ओळीने बंद शिवले आहेत, बंडीला असतात तसे. वारा कमी पडला तर त्या बंदांना खाली आणखी एक कापड बांधता येईल. जास्त झाला तर सोडता येईल. तुम्हा दोघा भावांचं लहान-मोठ्याचं भांडण मिटलं. येतानाचं तुम्ही सांगणार नाही असं दिसतं. विचारणं मी सोडलेलं नाही. — रमिला

*

पिंपरवाडे
९ मे १९६४

रतिलालभाऊ, रमिलाभाभी,

जमलं! जमलं, जमलं, जमलं!

शीड आल्यापासून तीन आठवडे पत्र नाही, कारण मी जमिनीवरच नव्हतो. सकाळी केळीला पाणी आणि दुपारपासून नदी. भाभी, तुमचं शीड म्हणजे गुणाची गाय आहे. दोरी हातात धरली की वारा काय म्हणतो ते कोपरापर्यंत कळतं. झोत येण्याआधी दिसतोसुद्धा! दादर ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा सरकताना दिसतो ना, तसं पाणी काळं होत जवळ येतं. मी दोरी सैल सोडतो, झोत निघून जातो, मी पुन्हा ओढतो. या महिन्यात होडी एकदाही उलटली नाही. कासरा, भाऊ, कासरा! हे मला आधी का नाही सुचलं?

रेवजीबाबांचं येणं चालूच आहे. आता तर पलीकडच्या काठाने घोडी माझ्या बरोबरीने चालवतात. मी बघतच नाही तिकडे.

एकच अडचण आहे, आणि ती मोठी आहे. आपल्या डोहाच्या आणि कळमघाटच्या डोहाच्या मधे म्हैसधार आहे, खडकाळ, उथळ, पाणी खळाळत येतं. नावाडीसुद्धा तिथे दोन काठ्या लावतात. माझी होडी तिथवर तुरुतुरु जाते आणि धारेच्या तोंडाशी उभी राहते. वारा वर ढकलतो, पाणी खाली ढकलतं, मी मधे लटकतो. काल इतका वेळ लटकलो की एक बगळा येऊन डोलकाठीवर बसला. बंदांना कापड बांधायला हवं, पण माझ्याकडे मांजरपाट नाही, आणि आखाजीच्या तोंडावर आपला शिंपी तर देवालाही भेटत नाही. घरातली गोधडी लावून पाहिली, ती जड पडते.

तरी १३ तारखेला दुपारी निघणार. सणाच्या आदल्या दिवशी मुऱ्हाळी पोचायलाच हवा. वारा चांगला असेल तर चढेन. काठी हाताला लागली की सौदा संपला, आणि मग रेवजीबाबा मरेपर्यंत सुगंधाला पाठवणार नाहीत, त्यांना कोणी बोलही लावू शकणार नाही. टाळी माझीही पडली आहे.

मायने दोर अजून माळ्यावरून काढलेला नाही. पण काल पेटी उघडून तिने तिन्ही लुगडी बाहेर काढली, यंदाचं चौथं त्यावर ठेवलं आणि सगळ्यांचं एक गाठोडं बांधलं. म्हणाली, "या बारीले चारी लई जा." 

भाईदास

*

(पोस्टकार्ड)
सुरत, १८ मे १९६४

भाईदास, आखाजी होऊन चार दिवस झाले, पत्र नाही. म्हैसधारेचं काय झालं? चढलास की नाही? हो किंवा नाही एवढं तरी लिही. इथे जेवण जात नाही. रमिला म्हणते, तुझा वारा पडला असेल तर पडला, पण माणूस खुशाल असल्याचं कळव. — रतिलाल

*

पिंपरवाडे
२२ मे १९६४

रमिलाभाभींना सुगंधाचा नमस्कार.

पत्राच्या वर गावाचं नाव वाचलंत ना? पुन्हा वाचा. मी पिंपरवाड्यातून लिहिते आहे! माझ्या माहेरातून, लिंबाखालून, झोक्यावर बसून. म्हणून अक्षर हलतं आहे.

भाईदासच्या दोन्ही तळहातांची सालं गेली आहेत, त्याला लेखणी धरवत नाही. त्याने सांगितलं तूच लिही, आणि मी रतिलालभाऊंना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, कारण या सगळ्या कारभारात शहाण्यासारखा प्रश्न एकट्या तुम्हीच विचारलात.

आधी तुम्हाला आमच्या घरचं सांगते, जे भाईदासला माहीत नव्हतं. तो समजत होता की माझे सासरे त्याला खिजवायला येतात. भाभी, यात्रेतून आल्यापासून बाबांना अन्न गोड लागत नव्हतं. तोंडातून शब्द गेला, वर टाळी पडली. मला आपणहून पाठवलं तर बाजार म्हणणार, रेवजी सौद्यातून पळाला. नाही पाठवलं तर घरात सासूबाई बोलायच्या नाहीत. तेव्हा बाबांच्या हातात एकच उरलं, भाईदासची होडी चढावी अशी वाट बघणं! रोज घोडी पाण्याला न्यायचं निमित्त, आणि रात्री ताटावर बसले की मला ऐकू जाईल अशा आवाजात सासूबाईंना सांगायचे, "आज तिन्हा भाऊ उंबरना झाडलगून उना." होडी उलटली त्या दिवशी ते तसेच भिजलेल्या धोतराने येऊन बसले आणि म्हणाले, "पोऱ्या बुडी जाता आज. मी घोडी पानीमा घाली." त्या रात्री ताट तसंच परत गेलं. मी चुलीमागे तोंड लपवून रडले. माहेरसाठी नाही, बाबांसाठी.

आता तेरा तारीख. दुपारपासून सगळं गाव म्हैसधारेच्या काठावर. मीही हंडा घेऊन गेले, पाणी भरायचं निमित्त माझंही होतंच. लांबून पांढरं शीड दिसलं आणि मी हंडा खाली ठेवला. होडी धारेच्या तोंडाशी आली आणि उभी राहिली. पुढे नाही, मागे नाही. काठी होडीत आडवी पडलेली सगळ्यांना दिसत होती. नुसता हात घालायचा आणि दोन रेटे द्यायचे. कोणी तरी म्हणालं, आता घेतो बघा काठी.

भाईदासने शिडाची दोरी दातांत धरली. सुकाणूची फळी काखेत दाबली. आणि गाठोडं सोडून त्यातून लाल लुगडं बाहेर काढलं. माझ्या पहिल्या आखाजीचं! तुमचे बंद एकेक करून त्याने लुगड्याच्या काठाला बांधले. होडी डुलत होती, तो गुडघ्यावर रांगत होता, दोरी दातांत. मग त्याच्याखाली हिरवं लुगडं, काठाला काठ गाठी मारून. पांढऱ्याखाली लाल, लालखाली हिरवं, वाऱ्याने सगळं एकदम फुगलं, आणि होडी हलली! खडकाला घासली, थांबली, पुन्हा हलली.

आणि भाभी, काठावरून सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं असेल? घोडीच्या रिकिबीत उभे राहून, पागोटं हातात घेऊन बाबा ओरडत होते, "चढनी रे, चढनी! सोड दोर! आते ओढ!" ओरडता ओरडता त्यांच्या लक्षात आलं की आपण कोणाच्या बाजूने ओरडतोय. तेव्हा त्यांनी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि गंभीर तोंड केलं. पण घोडी सांगत होती, तिला सरळ उभं राहवत नव्हतं, बाबांचे पाय तिच्या पोटाला टाचा मारत होते.

होडी आमच्या घाटाला लागली. भाईदासने उतरून हात पुढे केला, सालं गेलेला, रक्ताळलेला. बाबांनी त्यावर टाळी दिली नाही. तो हात दोन्ही हातांत धरला आणि वळून मला म्हणाले, "सौदा म्हंजे सौदा. वहू, बोचकं बांध."

आता तुमचा प्रश्न. जाताना वारा पाठीशी, येताना काय?

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. वारा तोंडावर, तापी झोपलेली, अगदी तुम्ही म्हणाला होतात तशी. शीड वर केलं तर होडी मागे आमच्याच घाटाकडे जायला लागली! सगळं गाव हसलं. भाईदासने काठी घेतली, पण त्या हातांनी त्याला ती धरवेना. तेवढ्यात होडी एका बाजूला कलली. बाबा धोतराचा काचा मारून आत चढले होते. भाईदास म्हणाला, "बाबा, काठी?" तर म्हणाले, "सौदा वर चढाना व्हता, खाले उतराना नही. सरक तथा. काठी माले दे."

भाभी, तीन कोस! सासऱ्याने सुनेला काठी मारत माहेरी आणलं. मी होडीच्या टोकाला पदर घेऊन बसले होते आणि बाबा घामाने निथळत रेटे देत होते. मधे एकदाच बोलले, "ते शीडले बंद कोनी लावात?" मी तुमचं नाव सांगितलं. म्हणाले, "डोकं शे बाईले."

इकडे माय घाटावर उभी होती. तिला शीड दिसेना, काठी मारणारा म्हातारा दिसला. तिला वाटलं भाईदास हरला, त्याला कोणी तरी आणून पोचवतंय. ती घराकडे वळली होती. मी हाक मारली. पुढचं मला लिहिता येत नाही. एवढंच सांगते, दोर माळ्यावरून मी काढला आणि झोक्याची गाठ बाबांनी मारली. म्हणाले, गाठीचं काम भाईदासवर सोडू नका.

सण करून, पुरणाची पोळी खाऊन, दुसऱ्या दिवशी बाबा शिडाने परत गेले. दोरी सबंध वाट त्यांनीच धरली, भाईदासला हात लावू दिला नाही. निघताना मला म्हणाले, "महिनाभर ऱ्हाय, घाई नही." मग होडीत बसल्यावर, माझ्याकडे न बघता, "लेवाले मीच येसू. होडी धाडी देजा."

रतिलालभाऊंना सांगा, होय, चढला. आणि आता तरी पोटभर जेवा. मी लाल लुगडं नेसले आहे. तुमच्या बंदांच्या चुण्या त्याच्या काठाला पडल्या आहेत. माय म्हणाली, धुऊन दगडाने दाबून सरळ करते. मी तिला हात लावू दिला नाही.

तुमची,
सुगंधा